आज ताईच्या भागाची पाळी

"आजच्या दिवस आमचा भाग सोड रे," ताई फोनवर म्हणाली. "पिल्लं अंड्यांतून बाहेर पडतायत. पंखे बंद पडले तर या उन्हात तासाभरात गुदमरतील सगळी."

वीज उपकेंद्रातल्या ऑपरेटरने कपाळाला हात लावला. शहराला वीज आणणाऱ्या एकुलत्या एका मोठ्या वाहिनीवरच्या भाराचा आकडा समोरच्या पडद्यावर लाल झाला होता. ताबडतोब भार उतरवा, आणखी एका भागाची वीज बंद करा, असा वरून हुकूम होता, आणि आज पाळी नेमकी त्याच्या सख्ख्या बहिणीच्या भागाची होती.

"जनरेटर लाव."

"तो लागला असता तर तुझे पाय धरले असते का? मेला नुसता खोकतोय. दुसऱ्या कुणाची वीज घालव ना!"

"माझ्या हातातले बाकीचे सगळे भाग आधीच बंद आहेत. उरलाय तो हॉस्पिटलचा. घालवू?"

हार मानणं ताईला ठाऊकच नव्हतं. "तिकडे धरणावर म्हणे हवी तेवढी वीज पडून आहे. आण की तिथून!"

आता मात्र त्याचं डोकं फिरलं.

"कशातून आणू? बादलीतून? आहे ती तार तापून लोंबायला लागलीय. ती बंद पडली तर हॉस्पिटलसकट सगळं शहर ठप्प! कारखाने वाढले, घरोघरी एसी आले, तू अंडी उबवायची यंत्रं वाढवलीस. तार मात्र आपल्या लहानपणीचीच. नव्या वाहिनीचा एक टॉवर तुझ्या कुंपणाच्या कोपऱ्यात येणार होता, तर अख्खी गल्ली गोळा करून तूच आडवी पडलीस. मी हात जोडले, तर मलाच दारातून हाकललंस!"

इतकं सुनावल्यावर त्याला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. त्या पिल्लांवरच तिचं घर चालत होतं.

"कर उभा टॉवर." ताई म्हणाली. "कोपऱ्यात कशाला, मधोमध कर. आत्ता माणसं पाठव, मी स्वतः कुंपण तोडते."

"आत्ता सुरू केलं तरी दोन वर्षं लागतात, ताई."

आकडा आणखी वर सरकला. मनातल्या मनात त्याने सगळ्यांना शिव्या घातल्या, स्वतःलाही, आणि बटण दाबलं.

फोन दोघांपैकी कुणीच ठेवला नाही. पलीकडची पंख्यांची घरघर थांबली, आणि हजारो पिल्लांचा चिवचिवाट स्वच्छ ऐकू येऊ लागला.