भिंतीवरचं जोडपं

अठ्ठ्याऐंशी साली धुळ्यातल्या एका बँकेच्या नव्या इमारतीवर शेतकरी जोडप्याचं कांस्याचं ओतीव शिल्प बसलं. शिल्पकाराने सुपडूआबांचा चेहरा मळ्यात बसून घडवला होता आणि त्यांच्या बायकोचा, भिकुबाईंचा, घराच्या ओट्यावर. दोघं ते बघायला गावाहून आली. शिल्पात ती खांद्याला खांदा लावून बाजाराला निघाली होती.

भिकुबाईंनी पदर तोंडाला लावला. "वं माय! इतलं जवळ? लोके काय म्हनतीन?"

लग्नापासूनच्या रिवाजाने आबा पुढे निघाले, त्या मागे. एसटी स्टँड दिसायला लागलं, तसे आबा थांबले आणि वळले.

"मांगे काबर चालस? ये, बरोबर चाल. तठे भीतवर ते सारं धुळं देखी ऱ्हायनं आपले."