निवडलेली डाळ

मंडपामागच्या कोठीत सिंधुअक्कानं तिसऱ्यांदा सूप पाखडलं. तुरीची डाळ चकचकीत, एकसारखी. खडा नाही, फोल नाही.

मंजुषा पडदा सारून आत आली. मुखेडच्या सप्ताहाची सगळी धावपळ यंदा तिच्याकडं होती.

"अक्का, अजून इथंच? ती डाळ मशीनमधून साफ होऊन आलीय, लातूरहून. चाळीस वर्षं पडद्यामागं बसून कीर्तन ऐकलंत, आज पुढं बसायचं."

"हितं चांगलं ऐकू येतंय की गं."

"कीर्तन संपलं की तुमचा सत्कार. शाल घ्यायची आन् माईकवर दोन शब्द बोलायचे."

"काय बोलू?"

"मनात येईल ते. घरचीच माणसं सगळी."

घरची माणसं आठशे होती.

मंजुषा गेली. पलीकडं मृदंग चढला. एरवी अशा वेळी अक्काची बोटं टाळाच्या ठेक्यावर चालायची. एका ठेक्याला एक खडा. आज ठेका पुढं जाई आणि बोटं मागं राहत. तळहाताला घाम सुटून डाळ चिकटत होती. महाराज शेवटच्या दृष्टान्तावर आले होते. म्हणजे फार तर अर्धा तास.

मागच्या दारानं दामिनी शिरली आणि पोत्याआड बसली. मंजुषाची लेक, आठवीतली. मंडपाच्या तोंडाशी सगळ्यांचे मोबाईल टोपलीत ठेवून घेतले होते, तिचाही.

"समोर सगळ्या विचारायल्यात," ती पुटपुटली. "किती मार्क पडले, बोलत का न्हाईस. हातात मोबाईल असला की कुणी विचारत न्हाई."

अक्का तळहाताला चिकटलेली डाळ झाडत राहिली.

"आज्जी, तुमच्या वेळी मोबाईल नव्हता. माणसं जमली की काय करायच्या तुम्ही?"

"निवडायची. गहू, तांदूळ, डाळ. लग्न असू दे, बारसं असू दे, सुपात मान घातली की कामात हाय म्हणून सोडून देतेत. घरीबी दुपारी रिकामी असले की तेच. निवडलेलं पुन्हा निवडायची."

"आन् आता?"

"आता खडेच न्हाईत."

पलीकडं हशा झाला, मग एकदम शांत. माईक खरखरला. "आता आपण अशा एका माउलीचा..."

अक्काच्या सुपातली डाळ जमिनीवर सांडली.

दामिनीनं तिच्या हातांकडं पाहिलं. ती उठून मागच्या अंगणात गेली. तिथं सप्ताहासाठी नवा मुरूम पसरला होता. मूठ बंद करून ती परत आली आणि अक्काला काही कळायच्या आत तिनं ती डाळीच्या पाटीवर उघडली, हातानं डाळ कालवली. डाळीएवढे पिवळसर खडे डाळीत दिसेनासे झाले.

"अगं, प्रसादाची हाय ती." अक्कानं पाटी जवळ ओढली. लहान पोरं जेवणार होती, दात हललेली म्हातारी माणसं जेवणार होती. "महादेवा."

पडदा हलला. मंजुषाच्या हातावर शाल होती. "चला अक्का, नाव पुकारलंय."

"आई, डाळीत खडे निघालेत," दामिनी मान वर न करता म्हणाली आणि एक खडा तळहातावर धरला.

मंजुषानं तो बोटांत फिरवला. "आन् तासाभरात चूल पेटायची." तिनं अक्काकडं पाहिलं. "निवडावी लागंल?"

"लागंल," अक्का म्हणाली. तेवढं मात्र खरं होतं.

मंजुषानं शाल तिथंच तिच्या खांद्यावर टाकली आणि ती लगबगीनं माईककडं गेली.

"किती टाकलेस गं?" अक्कानं हळूच विचारलं.

"मोजले न्हाईत."

अक्कानं ताटलीत ओंजळभर डाळ काढून तिच्यापुढं सरकवली आणि सूप मांडीवर घेतलं.

"बरं केलंस."