कंसातली अक्षरं

पाडव्याच्या जेवणात रवींद्रकाकांचा कागद पानापानांवरून फिरत उपासनाच्या बाबांपुढे आला. राज्याच्या आमदारांना पाठवायचं पत्र होतं: सरकारी विद्यापीठांनी प्रवेश देताना वंशाचा विचार करू नये. अमेरिकेतल्या ट्रॉय शहरातल्या अठ्ठावीस मराठी माणसांनी श्रीखंडाची बोटं पुसून खाली सह्या केल्या होत्या.

"कर रे शंकर, पटकन," रवींद्रकाका म्हणाले. "तिकडे रिझर्वेशन, इकडेही तेच! आपल्या पोरांनी मरमर अभ्यास करायचा आणि सीट भलत्यालाच. तुझ्या उपासनालाही गुरुवारी सरकारी विद्यापीठाचं रिजेक्शन आलं ना?"

आलं होतं. दोन दिवस ती खोलीबाहेर पडली नव्हती. तिच्या वर्गातल्या एका कृष्णवर्णीय मुलीला तिथेच प्रवेश मिळाला होता. खरं सांगायचं तर, बाबांनी सही करावी असं या क्षणी तिलाही वाटत होतं.

बाबांनी पेन घेतलं. बारा वर्षं इथल्या मराठी मंडळात ते नुसते 'शंकर आर.' होते. आडनाव कुणी विचारलंच तर 'आम्ही नागपूरचे' म्हणून विषय बदलायचा, हे उपासनाला लहानपणापासून शिकवलेलं. माणसं जिवाला जीव देणारी होती. बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी रत्नाकाकूंनी महिनाभर डबे पोचवले होते. ते प्रेम आटू नये म्हणून तर हे झाकून ठेवलेलं.

सहीला लागतो त्यापेक्षा बाबांना बराच जास्त वेळ लागला. रवींद्रकाकांनी वाकून मोठ्याने वाचलं, "मला हे मान्य नाही. शंकर रामटेके." मग जरा अडखळत, "कंसात... एससी, इंजिनिअरिंग, १९७०. हे काय रे?"

"कॉलेजच्या भिंतीवर यादी लागली तेव्हा माझ्या नावापुढे ती दोन अक्षरं होती," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज जराही चढला नाही. "तेव्हा दुसऱ्यांनी लिहिली होती. आज मी लिहिली."

पुऱ्या वाढायला निघालेल्या रत्नाकाकू जागच्या जागी थांबल्या. पेनाचं टोपण बाबांना दोनदा लावूनही बसेना, हे फक्त शेजारी बसलेल्या उपासनाला दिसलं. घाबरले होते तिचे बाबा, पुरते घाबरले होते, आणि तरी त्यांनी लिहिलं होतं. तिला त्यांचा फार अभिमान वाटला.

"अरे पण यार, तुझी स्वतःची मुलगी..." रवींद्रकाका पुटपुटले. "आणि आता हे असं पत्र मी पाठवू कसं?"

"बाबा, गिव्ह मी द पेन," उपासना म्हणाली.

बाबांच्या नावाखाली तिने सावकाश, आडनावासकट लिहिलं: उपासना रामटेके. मग कंस काढला आणि त्यात लिहिलं: प्रवेश नाकारला, १९९८.