टोकाटाचा मधला भाग

पहाटेपासून टोबियास मास्तर हार्प्सिकॉर्ड, म्हणजे पियानोआधीचं ते तारांचं पट्टीवाद्य, जुळवत बसले होते. न्याहारीचं बिअरचं सूप टेबलावर निवून गेलं.

"आपल्या लग्नात नव्हती हो एवढी खटपट केलीत," सिबिलाबाई म्हणाल्या. मास्तरांनी पुढची खुंटी पिळली. त्यांचा शिष्य लोरेन्त्स येणार होता. त्याला रशियाच्या दरबारात नोकरी लागली होती आणि दुपारच्या घोड्यांच्या टपालगाडीने तो निघणार होता. त्याआधी स्वतः रचलेला टोकाटा, बोटांची करामत दाखवणारी एक रचना, त्याला मास्तरांना ऐकवायचा होता. संधिवाताने मास्तरांची बोटं वाकडी झालेली. वाजवणं संपलं होतं, उरलं होतं ते ऐकणं.

लोरेन्त्स आला तो उशिराच. बसल्याबसल्या त्याने दोनचार सूर दाबून पाहिले आणि सवयीने जुळवायच्या किल्लीकडे हात नेला.

"हात मागे! या घरात खुंट्या मीच पिळतो. विसरलास?"

"नाही मास्तर. पण नव्या पद्धतीने लावला असता तर..."

"नव्याचं कौतुक तिकडे रशियातल्या अस्वलांना सांग."

लोरेन्त्स हसला आणि त्याने हात मागे घेतला.

मास्तरांची पद्धत जुनी. तीत बहुतेक सूर मधासारखे लागतात, पण एका कोपऱ्यातले तीन सूर एकदम दाबले की भेसूर विव्हळतात. वादक त्याला लांडगा म्हणतात आणि त्या वाटेला जात नाहीत. नव्या पोरांना नेमकं तिकडेच जायचं असतं. म्हणून ती सगळीकडचा गोडवा थोडाथोडा कमी करून लांडग्याला गप्प करतात. मास्तरांना हा निव्वळ भेसळीचा धंदा वाटे.

टोकाटा सुरू झाला. वाद्य नुसतं तपासून पाहावं तशी बोटं वरखाली धावत सुटली, तालाचं बंधन नाही. मास्तरांनी डोळे मिटले. मग धावणं थांबलं, आणि संथ भागाचे पहिले तीन सूर लोरेन्त्सने एकदम दाबले.

लांडगा विव्हळला. स्वयंपाकघरातून सिबिलाबाई डोकावल्या.

लोरेन्त्सचे हात क्षणभर अधांतरी राहिले. मग त्याने थेट शेवटचा द्रुत भाग धरला आणि झकास वाजवून संपवला.

"मधलं गाळलंस," मास्तर म्हणाले.

"थोडंसंच होतं. जाऊ द्या."

"थोडंसं काय? कागद तरी ठेवून जा."

"लिहिलंय कुठे अजून? बोटांतच आहे."

मास्तर उठले. त्यांनी स्वतःच्या हाताने किल्ली त्याच्यापुढे धरली. "लाव. तुला हवा तसा लाव."

चौकातून टपालगाडीचं शिंग वाजलं. लोरेन्त्सने खिडकीकडे पाहिलं, किल्लीकडे पाहिलं.

"अर्धा तास तरी लागेल, मास्तर. आता पुढच्या खेपेला."

सत्तरी उलटलेल्या माणसाला रशियाहून येणारी पुढची खेप कसली! पण दोघांनीही माना डोलावल्या. सिबिलाबाईंनी फडक्यात बांधलेला प्लमचा केक त्याच्या हातात कोंबला. दारात तो वळला.

"बाकीचं दरबारासाठी होतं," तो म्हणाला. "मधलं तेवढंच तुमच्यासाठी होतं." आणि पायऱ्या उतरून धावत सुटला.

मास्तर खुर्चीत बसून राहिले. सकाळी तोंड आवरलं असतं तर! एवढ्याशा हट्टापायी हातचं घालवलं, हे त्यांना फार लागलं. जेवणही गेलं नाही. मग ते उठले आणि एकेक खुंटी पिळत त्यांनी सगळा बाजा नव्या पद्धतीने लावला.

"आता कुणासाठी?" सिबिलाबाईंनी हळूच विचारलं.

मास्तरांनी वाकडी बोटं पट्ट्यांवर कशीबशी बसवली आणि ते तीन सूर एकदम दाबले. लांडगा गप्प होता. सूर शांत आणि गोड लागले, आणि विरले.

मास्तरांनी ते पुन्हा दाबले. पुढे काय येतं, ते त्यांना ठाऊक नव्हतं.