भांड्यांची वही

हरिभाऊंनी वडनेरचा इतिहास दोन वर्षं एका बोटानं टाइप केला होता. आता कम्प्युटर रखडायचा. फाइल उघडेना, नुसत्या जाहिराती उसळत. मेकॅनिक म्हणाला, "सारं पुसा लागते. फाइल बी जाईन." हरिभाऊंचा चेहरा पडला. बायकोनं भांड्यांची वही काढली; लग्नकार्याला उसनी गेलेली भांडी ओळखता यावीत म्हणून ठेवलेली. कम्प्युटर आला तेव्हा तिनं दुकानदाराला विचारून प्रत्येक प्रोग्रामचं नाव वहीत, पितळी गंज-पातेल्यांच्या नोंदींखाली, लिहिलं होतं. हरिभाऊ पोट धरून हसले होते. "कम्प्युटरातली नावं वाचा तुमी," ती हरिभाऊंना म्हणाली. वहीत नसलेलं नाव आलं की म्हणे, "हे आपल्या घरचं नाई. काढा." असे अकरा आगंतुक निघाले, तसा इतिहास झटक्यात उघडला. हरिभाऊंनी वही दोन्ही हातांनी तिच्यापुढं धरली. "हे बी लिहून घे वं. वडनेरचा इतिहास, नग एक."