साठीची वजडी

“वास सुटला का गं?” खुर्चीत बसल्या बसल्या चतुराबाईनं नातीला विचारलं.

दीक्षा उत्तर देणार तेवढ्यात तिचा बाप स्वयंपाकघरात धावत आला. “सुटला! लिफ्टपर्यंत सुटलाय!” कोंडीरामनं खिडकी लावली, एक्झॉस्टचं बटण दाबलं आणि ओट्यावर उदबत्त्यांचा अख्खा जुडगा पेटवला. एक्झॉस्टचा पंखा तो वास डक्टमधून आता घरोघर पोचवणार, हे काही त्याच्या ध्यानात आलं नाही.

“वास सुटला म्हंजी शिजत आली,” चतुराबाई समाधानानं म्हणाली. “झाकण जरा तिरकं ठिव.”

आज कोंडीरामचा साठावा वाढदिवस. दीक्षाला सुट्टीच्या दिवशी स्वयंपाकाचे प्रयोग करायची खोड. केक झाले, मोमो झाले, नाना तऱ्हेचा पास्ता झाला, आणि बापानं ते सगळं मुकाट्यानं खाल्लं. या वेळी तिनं कुणाला विचारलंच नाही. पिंपरीतून बकऱ्याची वजडी, म्हणजे पोट-आतडी, आणली, कुरुळीहून आलेल्या आजीला समोर बसवलं आणि चुना चोळून, कढत पाण्यात घालून, सुरीनं खरवडून ती पांढरीशुभ्र केली.

वजडी म्हणजे कोंडीरामचा जीव की प्राण. पण पुनावळ्याच्या या फ्लॅटमध्ये ती कधी शिजली नव्हती. राहायला आले त्या दिवशी समोरच्या कुसुमताई चहा घेऊन आल्या, तेव्हा यानं आपणहूनच सांगून टाकलं होतं, “आम्ही घरात काही करत नाही हं.” त्या बाईनं काही विचारलंही नव्हतं. चोरी केलेली नसताना ज्यांच्या मनात चांदणं पडतं, अशांतला हा माणूस. तेव्हापासून घरात अंडंसुद्धा आलं नाही, आणि हा दर रविवारी कुरुळीला बहिणीकडे पोटभर जेवून, बडीशेप चघळत परत यायचा.

“दीक्षा, गॅस बंद कर. तुझी आई केक घेऊन येईल आता. संध्याकाळी सोसायटीची माणसं येणारेत, त्यांना व्हेज पफ सांगितलेत मी.”

“पफ त्यांना द्या ना. वाढदिवस तुमचा आहे का सोसायटीचा?”

दोघांचे फोन एकदमच वाजले. सोसायटीच्या ग्रुपवर कुसुमताईंचा मेसेज होता. तिसऱ्या मजल्यावर कसला उग्र वास येतोय? कुणाकडे काय चाललंय?

कंपनीत मशीनवर चालायची त्याहून भराभर कोंडीरामची बोटं फोनवर चालली. दीक्षाचा फोन पुन्हा वाजला. तिनं वाचलं आणि रागानं तिची कानशिलं तापली.

“काय लिवलं त्यानं?” चतुराबाईनं विचारलं.

दीक्षानं मोठ्यानं वाचून दाखवलं. “‘आमच्याकडे नाही, ताई. आम्ही घरात करत नाही.’”

उदबत्तीच्या धुरानं चतुराबाईला ठसका लागला, तो तिनं गिळला.

“आपली न्हाई व्हय?” ती म्हणाली. “मग कुणाची हाय ही? दीक्षे, उचल पातेलं. ज्याची आसंल त्याला देऊन ये.”

दीक्षानं खरंच दोन्ही हातांत फडकी घेतली आणि पातेलं उचललं. झाकण ओट्यावरच राहिलं. ती हॉल ओलांडून दारापर्यंत पोचली, तसा कोंडीराम आडवा आला.

“अगं, कुठं निघालीस?”

“दारोदार विचारत जाते. आपली नाही ना ही.”

“डोकं फिरलंय का तुझं? आई, तू तरी सांग हिला.”

“म्या काय सांगू?” चतुराबाई भिंतीला धरत धरत बाहेर आली. “साऱ्या बिल्डिंगीला तूच सांगून बसलास. तुझी आसंल तर तसं म्हण.”

पातेल्याची वाफ सरळ त्याच्या तोंडावर येत होती. काळं तिखट, भाजलेलं खोबरं, आणि तो वास. त्याच्या तोंडाला पाणी सुटलं. पाठोपाठ डोळेही भरून आले. समोर लेक होती, तिच्यामागे आई होती, आणि आपल्याच घराच्या दारात आपण आपलंच जेवण अडवून उभे आहोत, याची त्याला साठ वर्षांत वाटली नव्हती एवढी लाज वाटली.

“माझी आहे,” तो म्हणाला.

“ऐकू न्हाई आलं,” चतुराबाई म्हणाली. तिला चांगलं ऐकू येत होतं.

“माझी आहे! वाढ मला.”

त्यानं तिथेच फरशीवर बसकण मारली. दीक्षानं ताटात आणलेली बाजरीची भाकरी कुस्करली, वर रस्सा ओतून घेतला आणि पाचही बोटांनी कालवून पहिला घास घेतला.

“जराशी वातड राहिली,” दीक्षा हिरमुसून म्हणाली.

“राहू दे,” तो भरल्या तोंडानं म्हणाला. “चावायला वेळ आहे मला.”

बेल वाजली. “कोंडीरामभाऊ, मी कुसुमताई.”

दीक्षा उठायला लागली. त्यानं तिला डोळ्यांनीच बसवलं, तसाच खरकट्या हातानं उठला आणि डाव्या हातानं कडी काढली.

कुसुमताईंनी ओढणी नाकाशी धरली होती. “मेसेज वाचला तुमचा. मग हा वास कुणाकडचा हो?”

“आमच्याकडचाच,” कोंडीराम म्हणाला. मनगटावर ओघळलेला रस्सा त्यानं त्यांच्यादेखत चाटला आणि दार भिंतीला टेकेपर्यंत उघडलं.