दाभोळच्या धक्क्यावर

"गाडी उलटी चढवा," फेरीबोटीवरच्या खलाशाने हात हलवत सांगितलं, आणि दिगंबररावांनी स्टिअरिंग गच्च धरलं.

जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन, तिच्यात पलंग आणि शेगडी बसवून दोघं नवरा-बायको कोकण किनाऱ्याने निघाले होते. शरयूताईंनी चालवायचा विषय काढला की ते म्हणायचे, "ही काय तुझी छोटी गाडी आहे?" आता मात्र मागे घेताना ती दोनदा तिरकी झाली. रांगेतले हॉर्न वाजवू लागले.

"राहू दे. परत फिरू, घरीच जाऊ," ते पुटपुटले.

शरयूताईंनी खाडीकडे पाहिलं. खाडीपलीकडे गुहागर होतं आणि त्याच्या पुढे थेट मालवणपर्यंतचा अख्खा किनारा. त्या उतरल्या, वळसा घालून त्यांच्या दाराशी आल्या.

"अहो, सरका पलीकडे."

आरशात बघत, ओठ घट्ट मिटून त्यांनी गाडी हळूहळू मागे घेतली. चाकं लोखंडी फळीवर धडधडली आणि गाडी सरळ बोटीत जाऊन उभी राहिली.

"मावशी, एक नंबर!" खलाशी ओरडला.

बोट पलीकडे लागली तेव्हा त्यांनी नवऱ्याला जागा द्यायला दार उघडलं. दिगंबरराव डाव्या सीटवरून हलेनात. ते पट्टा लावत होते.

"तूच चालव," म्हणत त्यांनी खिडकीची काच पार खाली केली. "इतके दिवस नुसता रस्ताच बघतोय मी. समुद्र बघायचा राहिलाच की!"